कमी बजेटमध्ये जास्त एफपीएस: गेमिंग पीसीसाठी प्रोसेसर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४४, १६५ किंवा २४० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतलाय किंवा घ्यायचाय, पैसे मोजकेच आहेत आणि प्रोसेसरपाशी गाडी अडली आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं) समाधानी असलेल्यांना यातल्या बऱ्याच काळजीची गरज नाही. त्यांनी बाजारातला कोणताही बरा सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर घ्यावा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

गेम तर ग्राफिक्स कार्ड चालवतं. मग फ्रेमरेटसाठी प्रोसेसरचा एवढा बाऊ कशाला?

चित्र रंगवतं ग्राफिक्स कार्ड. पण काय रंगवायचं, हे प्रत्येक फ्रेमला प्रोसेसर ठरवतो. कोणता खेळाडू कुठे सरकला, गोळी लागली की हुकली, कोणाचं ॲनिमेशन कुठवर आलं, सर्व्हरकडून काय आलं, कोणता आवाज कुठून यायला हवा, हा सगळा हिशेब आधी होतो. मग "हे हे रंगव" अशी यादी ड्रायव्हरमार्फत कार्डाकडे जाते. ही यादी तयार होईपर्यंत कार्ड कितीही दांडगं असलं तरी बसून राहतं.

आता वेळ किती मिळतो ते पाहा. ६० एफपीएसला एका फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ ला ६.९, २४० ला ४.२ आणि ३६० ला जेमतेम २.८. रिझोल्यूशन किंवा टेक्स्चर कमी केल्यावर कार्डाचं काम हलकं होतं, पण प्रोसेसरचा वरचा हिशेब जवळपास तेवढाच राहतो. म्हणून एखाद्या गेममध्ये तुमचा प्रोसेसर फ्रेममागे ८ मिलिसेकंद घेत असेल, तर १२५ एफपीएस ही तुमची कमाल मर्यादा. टेक्स्चर 'लो' करा, दुप्पट महागाचं कार्ड लावा, आकडा वर जाणार नाही.

खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ हेच आहे. प्रोसेसर निवडायचा म्हणजे आपल्याला हवी ती कमाल मर्यादा गाठून देणारा सर्वांत स्वस्त प्रोसेसर शोधायचा.

माझ्या आत्ताच्या पीसीत कोण अडवतंय, प्रोसेसर की कार्ड? कसं ओळखू?

आधी फ्रेमवर लावलेल्या मर्यादा काढा: व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद, गेममधला आणि ड्रायव्हरमधला फ्रेम कॅप बंद. नंतर गेममधल्या गर्दीच्या जागी उभे राहा आणि एफपीएस बघा. आता रिझोल्यूशन किंवा रेंडर स्केल बरंच खाली आणा आणि त्याच जागी पुन्हा बघा. आकडा भरपूर वाढला तर कार्ड अडवत होतं. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर, किंवा त्याला वेळेवर माल न पुरवणारी रॅम.

दुसरी खूण म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वापर. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट साधनाने तो गेम चालू असताना कोपऱ्यात दिसतो. ९५ टक्क्यांच्या वर चिकटून असेल तर कार्ड पूर्ण कामाला लागलं आहे. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि कुठलाही कॅप लावलेला नसेल, तर बोट प्रोसेसरकडे दाखवायला हरकत नाही.

पण टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर फक्त ३५ टक्के दाखवतो. मग तो अडवतोय कसा?

तो आकडा सगळ्या थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामाच्या धाग्यांची) सरासरी आहे. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले, तर सरासरी येते साधारण ८ टक्के. गेमचं बरंचसं काम वाटून देता येतं, पण एक मुख्य थ्रेड असतोच, आणि त्याचं आटोपल्याशिवाय फ्रेम पुढे सरकत नाही. तो धापा टाकत असताना एकूण वापर ३५ टक्के दिसणं अगदी स्वाभाविक आहे. हा आकडा बघून "प्रोसेसर निवांत आहे" असं समजणारे बरेच जण नवं ग्राफिक्स कार्ड आणतात आणि मग फ्रेम का वाढले नाहीत म्हणून डोकं धरून बसतात.

किती एफपीएसचं लक्ष्य ठेवू?

तुम्ही काय खेळता त्यावर आहे. व्हॅलोरंट हलका आहे, आजच्या साध्यासुध्या सहा कोअरच्या प्रोसेसरवरही २४० च्या पुढे सहज जातो. काउंटर-स्ट्राइक २ जुन्या सीएस:गोपेक्षा बराच जड आहे. त्यात धूर, आग आणि दहा खेळाडू एकाच ठिकाणी आले की आकडा घसरतो. बॅटल रॉयल प्रकारात उतरण्याच्या जागी गर्दी असते तेव्हा खरी परीक्षा होते.

एकट्याने खेळायच्या मोठ्या गेमची गोष्ट वेगळी. एल्डन रिंग पीसीवर ६० एफपीएसलाच बांधलेला आहे, तिथे महागडा प्रोसेसर काय करणार? उलट ड्रॅगन्स डॉग्मा २ सारख्या गेममध्ये शहरात शिरलं की तिथल्या शेकडो पात्रांचा हिशेब प्रोसेसरच्या मानगुटीवर बसतो. अशा गेममध्ये १४४ चा हट्ट बजेट पीसीने धरू नये. प्लेस्टेशन ५ वर जो गेम प्रोसेसरमुळे ३० च्या आसपास अडकतो, त्याचे १४४ करायचे तर जवळपास पाचपट वेग लागेल. तो स्वस्तात मिळत नाही, महागातही मिळत नाही.

माझं मत असं, की मोजके पैसे असतील तर १४४ ते १६५ हर्ट्झ ही शहाणपणाची जागा आहे. ६० वरून १४४ ला गेल्यावर प्रत्येक फ्रेममागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात आणि तो फरक कोणालाही जाणवतो. १४४ वरून २४० ला गेल्यावर वाचतात तीनपेक्षाही कमी, आणि त्यासाठी प्रोसेसर, रॅम, मॉनिटर सगळंच वरच्या पायरीचं लागतं. स्पर्धा गंभीरपणे खेळणाऱ्यांनी तो खर्च करावा. बाकीच्यांनी ते पैसे कार्डात घालावेत.

किती कोअर हवेत? चार पुरतील का? आठच घ्यावेत का?

सहा कोअर, बारा थ्रेड. आज बजेट पीसीसाठी हेच उत्तर आहे.

चार कोअर आणि आठ थ्रेडवाला कोअर आय३-१२१००एफ जुन्या आणि हलक्या ई-स्पोर्ट्स (ऑनलाइन स्पर्धेच्या) गेममध्ये चकित करेल इतका चांगला चालतो. पण नव्या मोठ्या गेममध्ये सरासरी ठीक दिसली तरी मध्येच झटके बसतात. मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर चालू असेल तर अधिकच. थ्रेडही चारच असलेले जुने प्रोसेसर मात्र आता विसरा.

आठ कोअर वाईट नाहीत, पण त्याच पिढीतल्या सहावरून आठवर गेल्याने गेममध्ये फारसा फरक पडत नाही. "कन्सोलमध्ये आठ कोअर आहेत, म्हणून पीसीलाही आठ लागणार" हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. प्लेस्टेशन ५ मधले आठ कोअर एएमडीच्या झेन २ पिढीचे, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे आणि थोडक्या कॅशवर (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) चालणारे आहेत. नव्या पिढीतले सहा कोअर त्यांना सहज भारी पडतात.

कोअरची संख्या किती फसवी असते याचा एक जुना पण छान नमुना आहे. २०२० मध्ये एएमडीने रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स असे दोन प्रोसेसर आणले. दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड आणि १६ एमबी एल३ कॅश. ३३००एक्सचा क्लॉक (गिगाहर्ट्झमध्ये मोजतात तो वेग) थोडा जास्त होता खरा, पण मोठा फरक आतल्या रचनेत होता. त्याचे चारही कोअर एकाच गटात होते आणि सगळी कॅश एकत्र होती, तर ३१०० मध्ये दोन-दोन कोअरचे दोन गट आणि कॅशचेही दोन तुकडे. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाशी बोलायचं तर वेळ जायचा. गेममध्ये ३३००एक्स स्पष्टपणे पुढे निघाला.

म्हणजे जास्त गिगाहर्ट्झवाला घ्यायचा?

एकाच पिढीतल्या दोन भावंडांची तुलना असेल तर हो. वेगवेगळ्या पिढ्यांत नाही. २०१३ चा एएमडी एफएक्स-९५९० ५ गिगाहर्ट्झला पोहोचायचा, आणि ४.४ गिगाहर्ट्झचा रायझन ५ ५६०० गेममध्ये त्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. क्लॉकच्या एका ठोक्यात किती काम उरकतं हे ठोक्यांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं असतं.

कॅश म्हणजे काय, आणि एक्स३डीवाल्यांचं एवढं कौतुक का?

प्रोसेसरला लागणारा डेटा रॅममध्ये असतो आणि रॅम लांब आहे. तिथून काही आणायचं तर साधारण ७०-८० नॅनोसेकंद लागतात. प्रोसेसरच्या पोटातल्या एल३ कॅशमधून तेच १० च्या आसपास. डबा हाताशी असणं आणि तो माळ्यावरून काढावा लागणं, एवढा फरक. गेमच्या मुख्य थ्रेडचं काम गणितापेक्षा शोधाशोधीचं जास्त असतं: हा खेळाडू कुठे, त्याच्या हातात काय, तो कशाला टेकलाय. असे हजारो छोटे छोटे हेलपाटे एका फ्रेममध्ये होतात. त्यातले जितके कॅशमध्ये भागतील तितकी फ्रेम लवकर तयार होते.

हे लक्षात आलं की गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. रायझन ५ ३६०० कडेही ३२ एमबी एल३ होती, पण १६-१६ अशी विभागलेली. २०२० च्या शेवटी आलेल्या झेन ३ ने ती एकत्र केली आणि गेममध्ये एकदम उडी दिसली. २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. ५८००एक्सचेच आठ कोअर, क्लॉक उलट थोडा कमी, फक्त वर आणखी ६४ एमबी कॅशचा थर चढवून एकूण ९६ एमबी. व्हिडिओ रेंडर करताना तो आपल्या साध्या भावापेक्षा थोडा मागेच पडतो, पण गेममध्ये सहज पुढे जातो. त्याच वाटेवर २०२३ चा ७८००एक्स३डी आणि २०२४ चा ९८००एक्स३डी. या शेवटच्यात कॅशचा थर कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवला, त्यामुळे कोअर थंड राहतात आणि क्लॉक वाढवता आला.

फायदा सगळीकडे सारखा नाही. काउंटर-स्ट्राइक २, फॅक्टोरियोसारखे कारखाने उभारायचे गेम, फ्लाइट सिम्युलेटर, मोठ्या ऑनलाइन दुनियेतले गेम यांत तो ठळक दिसतो. कार्डच आधी दमणाऱ्या गेममध्ये जवळपास काहीच दिसत नाही.

बजेटवाल्यांनी एक्स३डी घ्यावा का? पहिल्याच दिवशी, कार्डाच्या पैशांना कात्री लावून, घेऊ नये. पण पुढे कधीतरी तो बसवता येईल असा सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आज निवडणं मात्र फार शहाणपणाचं आहे.

बरं, नेमका कोणता घेऊ?

हात फारच आखडता असेल तर रायझन ५ ५६००. २०२२ चा आहे, पण सहा कोअर, ३२ एमबी एकत्रित कॅश, स्वस्त मदरबोर्ड, जुन्या पिढीच्या डीडीआर४ रॅमवर चालणारा आणि सहसा सोबत कूलर येणारा. बहुतेक ई-स्पोर्ट्स गेममध्ये १४४ ची मर्यादा तो आरामात ओलांडतो. इंटेलकडे याच्या तोडीचा कोअर आय५-१२४००एफ आहे. सहा कोअर, १८ एमबी एल३, डीडीआर४ किंवा डीडीआर५ (मदरबोर्डनुसार). दोघांत उन्नीस-बीसचा फरक आहे. ज्याचा मदरबोर्डसकट एकूण खर्च कमी पडेल तो घ्या आणि वाद घालत बसू नका.

थोडे जास्त पैसे असतील तर रायझन ५ ७६००, किंवा आतलं ग्राफिक्स नसलेला त्याचा भाऊ ७५००एफ. मला विचाराल तर नवा पीसी शून्यापासून उभा करणाऱ्यासाठी हीच खरी शिफारस आहे. कोअर सहाच, पण प्रत्येक कोअर ५६०० पेक्षा बराच वेगवान, सोबत नव्या पिढीची डीडीआर५ रॅम आणि पुढे वाढायला जागा असलेला एएमडीचा एएम५ सॉकेट. त्यापुढचा ९६००एक्स किंचित वेगवान आहे, पण त्यासाठी फार जास्त मोजावं लागत असेल तर सोडून द्या.

आधीच एएम४ चा (एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा) पीसी असेल तर सगळं मोडून नवं उभं करण्याआधी ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी कुठे बऱ्या किमतीत मिळतो का ते बघा. तीच रॅम, तोच बोर्ड, फक्त बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. नवे मिळणं कठीण झालंय, पण मिळाला तर जुन्या पीसीला यापेक्षा चांगली भेट नाही.

सारख्याच नावाचे दोन प्रोसेसर दिसतात, एक स्वस्त. काही गोम आहे का?

आहे, आणि बजेट खरेदीत सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. रायझन ५ ५५०० हा ५६०० चा जरा हळू भाऊ वाटतो. प्रत्यक्षात तो वेगळ्याच चिपवर बेतलेला आहे: एल३ कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता) ४.० ऐवजी जुनं ३.०. रायझन ७ ५७०० तर आणखी कहर. आठ कोअर आहेत, पण कॅश तीच १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. ३२ एमबी हवी तर ५७००एक्स बघावा लागतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एएम५ वरचा ८४००एफ पण त्याच माळेतला, १६ एमबीवाला.

५६००जी किंवा ८६००जी यांच्यातलं आतलं ग्राफिक्स बरं आहे, म्हणून त्यांची कॅश छोटी ठेवलेली आहे. वेगळं कार्ड घेणारच नसाल तरच ते घ्या.

पीसीआयई ३.० चा मुद्दा एरवी किरकोळ वाटला असता. पण स्वस्त ग्राफिक्स कार्डांतली बरीचशी या रस्त्याच्या सोळापैकी आठच लेन वापरतात, उदाहरणार्थ आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. लेन कमी आणि वर जुनं पीसीआयई, असं झालं की कार्डाची मेमरी भरल्यावर चालू गेममध्ये गचके बसतात.

एफ, के, एक्स, जी या अक्षरांचा अर्थ?

एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी, पण किंमत कमी. इंटेलचा के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो). बजेटमध्ये त्याची गरज नाही. एएमडीचा एक्स म्हणजे थोडा जास्त क्लॉक आणि बऱ्याचदा खोक्यात कूलर नाही. जी म्हणजे आतलं ग्राफिक्स जोरकस. एक्स३डी वर आलंच.

सॉकेटचा विचार किती करावा?

तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा इरादा असेल तर खूप. एएमडीचा एएम४ यात आदर्श ठरला. २०१७ मध्ये पहिला रायझन घेतलेल्या कित्येकांना २०२२ नंतर त्याच बोर्डवर ५८००एक्स३डी लावता आला. एएम५ २०२२ मध्ये आला आणि निदान २०२७ पर्यंत त्याला साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे आज ७६०० घेऊन पुढे सेकंडहँड ७८००एक्स३डी किंवा त्याहून नवा काही लावता येईल. इंटेलचा एलजीए १७०० मात्र बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीवर संपला. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ हा वेगळाच सॉकेट लागतो.

"मी तर सगळा पीसीच एकदम बदलतो" असं म्हणणाऱ्याने हे सगळं खुशाल सोडून द्यावं.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत बिघाड होते म्हणे. घ्यावेत का?

होते. जास्त व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर हळूहळू झिजून गेम क्रॅश होऊ लागले होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा घेतला आणि पहिल्याच दिवशी बायोस अपडेट केला तर फार घाबरायचं कारण नाही. सेकंडहँड मात्र मी घेणार नाही. आधीच्या मालकाने जुन्या बायोसवर किती दिवस काढले हे कळायला मार्ग नसतो, आणि झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. बाराव्या पिढीला हा त्रास नाही.

रॅमने फ्रेम वाढतात का?

वाढतात, आणि प्रोसेसर अडवत असेल तेव्हा तर नक्कीच. वर पाहिलं तसं, कॅशमध्ये न मावलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी रॅमकडेच जावं लागतं.

दोन गोष्टी चुकवू नका. पहिली, एक मोठी स्टिक न घेता दोन सारख्या घ्या आणि बोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दोन खाचांत लावा. एका स्टिकवर रस्ता निम्मा होतो. दुसरी, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. नाहीतर ६००० ची डीडीआर५ रॅम बऱ्याचदा ४८०० वरच रखडत चालते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

रायझन ५००० मालिकेला डीडीआर४-३२०० किंवा ३६००, एएम५ ला डीडीआर५-६००० आणि शक्य असेल तर सीएल३० (एकाच वेगाच्या रॅममध्ये हा आकडा लहान तितकी ती लवकर उत्तर देते). याहून वेगवान रॅमवर खर्च केलेला पैसा बजेट पीसीत वसूल होत नाही. एकूण १६ जीबीत भागतं, पण नवे गेम आणि मागे उघडा ब्राउझर असेल तर ३२ बरी. एक्स३डी प्रोसेसरांना रॅमच्या वेगाचं विशेष सोयरसुतक नसतं, कारण त्यांचं बरंचसं काम कॅशमध्येच उरकतं.

मदरबोर्ड आणि कूलरवर किती खर्च करू?

कमीत कमी. ६५ वॅटच्या सहा कोअरला बी५५०, बी६५० किंवा बी७६० चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर बायोस फ्लॅशबॅकची (प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायची) सोय आहे का ते तेवढं बघा, नाहीतर नवा प्रोसेसर लावून पीसी सुरूच होणार नाही. सोबतचा कूलर आवाज करतो, पण काम भागवतो. ब्रँडचा दिवा लागणाऱ्या वॉटर कूलरने एफपीएस वाढत नाहीत.

प्रोसेसर आणि कार्ड यांत पैसे कसे वाटू?

टक्केवारीचे ठोकताळे मला पटत नाहीत, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. क्रम असा ठेवा. जास्त वेळ खेळता ते दोन-तीन गेम लिहून काढा. मॉनिटरचे हर्ट्झ ठरवा. त्या गेममध्ये तेवढे एफपीएस देणारा सर्वांत स्वस्त प्रोसेसर शोधा. यासाठी कमी रिझोल्यूशन आणि सगळ्यात तगडं कार्ड लावून केलेल्या चाचण्या बघायच्या. "आरटीएक्स ४०९० लावून १०८०पीवर कोण खेळतं?" अशी अशा चाचण्यांची टर उडवली जाते, पण कार्ड वाटेतून बाजूला काढल्याशिवाय प्रोसेसरची कमाल मर्यादा दिसणार कशी? मग उरलेले सगळे पैसे कार्डाला.

फक्त ई-स्पोर्ट्स खेळणाऱ्याच्या पीसीत प्रोसेसरचा वाटा मोठा होईल. १४४०पीवर देखणे गेम खेळणाऱ्याच्या पीसीत कार्डाचा. दोन्ही बरोबर आहेत.

बॉटलनेक कॅल्क्युलेटर (कोणता भाग किती अडवतो ते सांगणारी वेबसाइट) "१८ टक्के बॉटलनेक" दाखवतो. काळजी करू?

नाही. कोणता गेम, कोणतं सेटिंग, कोणती जागा हे माहीत नसताना असा आकडा काढताच येत नाही. एकाच पीसीत एका गेममध्ये प्रोसेसर अडवतो, दुसऱ्यात कार्ड. एकाच गेममध्येही दार उघडून बाजारात शिरलं की पारडं फिरतं.

चाचण्यांमध्ये सरासरी बघू की १ टक्का लो?

दोन्ही, पण भांडण लागलं तर १ टक्का लो, म्हणजे सर्वांत हळू १ टक्का फ्रेममधला एफपीएस. सरासरी १८० आणि लो ७० असलेला प्रोसेसर सरासरी १६० आणि लो ११५ वाल्यापेक्षा हाताला वाईट लागतो. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा पहिला बळी याच आकड्याचा जातो, आणि नेमका चकमकीच्या क्षणी.

एक सावधगिरी. गेममधली तयार बेंचमार्क फेरी बऱ्याचदा प्रोसेसरला फारसा ताण देत नाही. प्रत्यक्ष सामन्यात मोजलेले आकडे जास्त विश्वासाचे.

डीएलएसएस, एफएसआर, फ्रेम जनरेशन आहे ना? मग स्वस्त प्रोसेसरवर भागेल की.

एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर, दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. अपस्केलिंगमध्ये कार्ड कमी पिक्सेल रंगवतं, त्याचं ओझं घटतं आणि फ्रेम वाढतात. पण त्या वाढतात प्रोसेसरच्या मर्यादेपर्यंतच. म्हणजे अपस्केलिंग लावल्यावर प्रोसेसर आणखी लवकर उघडा पडतो.

फ्रेम जनरेशन खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाकडून एक बनवलेली फ्रेम घालतं. तिच्यासाठी प्रोसेसरला गेमचा हिशेब करावा लागत नाही, त्यामुळे आकडा छान वाढतो आणि चित्र गुळगुळीत दिसतं. पण तुमच्या माउसच्या हालचालीची दखल खऱ्या फ्रेममध्येच घेतली जाते. मधली फ्रेम घालायला पुढची थांबवून धरावी लागते, म्हणून प्रतिसाद उलट किंचित मंदावतो. कथानकाच्या गेममध्ये मूळचे ६०-७० एफपीएस असतील तर खुशाल वापरा. नेमबाजीच्या स्पर्धेत बंद ठेवा. रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या दाखवणं) लक्षात असू द्या: त्याचा भार कार्डाबरोबर प्रोसेसरवरही पडतो.

सेकंडहँड प्रोसेसर घेणं धोक्याचं आहे का?

पीसीच्या सगळ्या भागांत सेकंडहँड घ्यायला प्रोसेसर सर्वांत सुरक्षित, वर सांगितलेले इंटेल सोडून. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, त्या तिरक्या उजेडात धरून बघा, एकही वाकडी नको. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डवर असतात, म्हणून बोर्ड जुना घेताना सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागा. प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे का हेही पाहा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखे गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) मागतात.

मी ४केवर खेळतो. मलाही हे सगळं लागू आहे?

फारसं नाही. ४केत १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात. बहुतेक गेममध्ये कार्डच आधी दमेल.

सध्या काहीच विकत घ्यायचं नाही. आहे त्याच प्रोसेसरवर फ्रेम कशा वाढवू?

आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर खरोखर १४४ वर आहे ना ते बघा. कितीतरी नवे मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वरच चालतात. मग रॅमचं एक्सएमपी.

गेममध्ये प्रोसेसरवर भार टाकणारी सेटिंग वेगळी असतात: किती लांबवरचं दिसावं, गर्दी किती असावी, सावल्या, भौतिकीचे परिणाम, रे ट्रेसिंग. ही खाली आणा. टेक्स्चर आणि अँटीअलायझिंग (चित्रातल्या कडा गुळगुळीत करणं) कमी करून प्रोसेसरला काहीच आराम मिळत नाही, उगाच चित्र मात्र बिघडतं. माउस ८००० हर्ट्झ पोलिंगवर (सेकंदाला ८००० वेळा हालचाल कळवत) असेल तर १००० वर आणा, काही गेममध्ये एवढ्यानेच झटके थांबतात. मागे चालणारे लाँचर, ओव्हरले आणि रंगीत दिव्यांची सॉफ्टवेअर बंद करा.

एवढं करूनही आकडा १०० ते १६० मध्ये उड्या मारत असेल, तर ११० च्या आसपास फ्रेम कॅप लावा आणि मॉनिटरचं व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रेमनुसार मॉनिटरचा वेग बदलणं) चालू ठेवा. सरासरी कमी दिसेल, पण हाताला गेम जास्त एकसारखा लागेल. आणि या खटाटोपानंतरही तुमच्या आवडत्या गेममध्ये १ टक्का लो ६० च्या खाली जात असेल, तर वर 'नेमका कोणता घेऊ' मध्ये दिलेल्या नावांकडे वळायची वेळ आली आहे.